पुरातत्त्वज्ञ आणि राजकारण

प्राचीन अवशेषांच्या आधारे मानवाच्या गतकालाची मांडणी करणे, हे पुरातत्त्वविद्येचे कार्य होय. या कार्याचा चालू राजकारणाशी सकृद्दर्शनी काही संबंध दिसत नाही. तथापि उत्खननासाठी जमीन लागते व ती कोणाच्या तरी मालकीची असते. परवाना शासन देते, पैसाही बव्हंशी तेच पुरविते आणि सापडलेल्या वस्तूंवर हक्क कोणाचा, हे कायदा ठरवितो. शिवाय एखाद्या भूमीवर प्रथम कोण राहत होते, या प्रश्नाच्या उत्तराला राजकीय मोल असते. त्यामुळे पुरातत्त्वज्ञाचा राज्यसंस्थेशी संबंध येणे अपरिहार्य ठरते. बहुतेक पुरातत्त्वज्ञ हा संबंध अर्जदार, सल्लागार किंवा शासकीय अधिकारी या नात्याने ठेवतात. मतदारांपुढे जाऊन लोकप्रतिनिधी झालेले पुरातत्त्वज्ञ संख्येने थोडे आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशांची एक अखंड परंपरा दाखविता येते. उत्खननातून मिळालेली कीर्ती त्यांना निवडणुकीत उपयोगी पडली. निवडून आल्यानंतर मात्र त्या कीर्तीचे काय झाले, हा या परंपरेतील खरा प्रश्न आहे.

या परंपरेचा प्रारंभ ब्रिटनमध्ये ऑस्टिन हेन्री लेअर्ड (१८१७–९४) याच्यापासून मानण्यास हरकत नाही. मेसोपोटेमियातील निमरूद व निनेव्ह येथे १८४५ ते १८५१ या काळात त्याने केलेल्या उत्खननांतून अ‍ॅसिरियन राजांचे प्रासाद, उत्थित शिल्पे व इष्टिकालेख उजेडात आले. बायबलमध्ये उल्लेखिलेली नगरे प्रत्यक्ष सापडल्याने इंग्लंडमधील सामान्य वाचकही भारावून गेला आणि लेअर्डचा १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेला निनेव्हविषयक ग्रंथ अतिशय खपला. या प्रसिद्धीच्या बळावर १८५२ मध्ये तो एल्झबरी मतदारसंघातून संसदेवर निवडून आला. क्रिमियन युद्धाच्या वेळी तो स्वतः रणभूमीकडे गेला व परतल्यावर त्याने सैन्यातील गैरव्यवस्थेवर आणि घराणे पाहून बढत्या देण्याच्या प्रथेवर संसदेत कडाडून टीका केली. या टीकेत तथ्य होते. परंतु तिच्यातील काही विधाने पुराव्याने सिद्ध करता न आल्यामुळे तो अडचणीत आला. उत्खननात प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणाऱ्या माणसाने भाषणात मात्र ऐकीव गोष्टींवर विसंबावे, हे नमूद करण्यासारखे आहे. १८५७ मध्ये पराभूत झाल्यावर उठावाची कारणे समजून घेण्यासाठी तो हिंदुस्थानात आला होता. पुढे १८६० ते १८६९ पर्यंत त्याने सदर्कचे प्रतिनिधित्व केले व परराष्ट्र खात्यात उपमंत्री म्हणून काम पाहिले. त्यानंतर त्याची माद्रिदला व १८७७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला राजदूत म्हणून नेमणूक झाली. राजकारणात शिरल्यानंतर त्याच्या हातून महत्त्वाचे उत्खनन असे झाले नाही.

लेअर्डच्या अगदी उलट प्रकृतीचा होता जॉन लबक (१८३४–१९१३). तो लंडनमधील एका पेढीचा मालक आणि चार्ल्स डार्विनचा शेजारी व शिष्य होता. पुराणाश्मयुग व नवाश्मयुग असे अश्मयुगाचे दोन भाग करून त्यांना आज रूढ असलेल्या पारिभाषिक संज्ञा त्यानेच १८६५ च्या आपल्या ग्रंथात प्रथम योजल्या. १८७० मध्ये मेडस्टन येथून तो उदारमतवादी पक्षातर्फे संसदेत आला. लोकांना त्याचे नाव ठाऊक झाले ते पेढ्यांच्या सार्वजनिक सुट्यांसंबंधीच्या १८७१ च्या कायद्यामुळे. पण त्याच्या मनात दुसराच विषय घोळत होता. इंग्लंडमधील बृहदश्म वर्तुळे व दफनाचे टेकाड जमीनदारांच्या खासगी मालकीचे होते. शेतकरी ते नांगरून टाकीत, बांधकामासाठी दगड फोडून नेत आणि त्यांना रोखणारा कायदा नव्हता. विल्टशरमधील एव्हबरी येथील विशाल अश्मवर्तुळाच्या जागेवर घरांसाठी भूखंड पाडले जात असल्याचे समजताच लबकने ती जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली. परंतु देशातील प्रत्येक स्मारक असे विकत घेणे कोणाही धनिकाला शक्य नव्हते.

म्हणून लबकने १८७३ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचे विधेयक संसदेत मांडले. महत्त्वाच्या स्मारकांची यादी करावी आणि मालकाने स्मारक नष्ट करू पाहिल्यास ते योग्य मोबदला देऊन राष्ट्राने घ्यावे, असा त्याचा आशय होता. त्याला झालेला विरोध स्मारकांविषयीच्या अनास्थेतून आलेला नव्हता. आज सरकार एका टेकाडासाठी माझ्या कुंपणाच्या आत शिरेल, तर उद्या आणखी कशासाठी शिरेल, अशी जमीनदारांची धास्ती होती. आणि जमीनदार हाच त्या वेळच्या संसदेचा कणा होता. विधेयक फेटाळले गेले, पुन्हा मांडले गेले, लांबणीवर पडले. असे जवळजवळ दशकभर चालले. त्यात १८८० मध्ये लबक मेडस्टनमध्ये पराभूत झाला. पण लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघाने त्याला लगेच निवडून दिले आणि पुढे वीस वर्षे तो तेथून निवडून येत राहिला. अखेर १८८२ मध्ये ग्लॅडस्टनच्या शासनाने कायदा केला, तेव्हा त्यातील सक्तीचा भाग गळालेला होता. परिशिष्टात ६८ स्मारके नोंदविण्यात आली. मालकाची इच्छा असेल तरच ती शासनाच्या पालकत्वाखाली येणार होती. इतरांनी नासधूस केल्यास दंड किंवा अल्पमुदतीची कैद होती. मालकाने स्वतःच आपले स्मारक पाडल्यास मात्र, ते पालकत्वाखाली दिलेले नसेल तर, कायदा मूक होता.

हा कायदा दुबळा होता, यात शंका नाही. पण त्याने स्मारक निरीक्षकाचे पद निर्माण केले आणि त्यावर जनरल पिट-रिव्हर्ससारख्या काटेकोर उत्खननकाराची नेमणूक झाली. (पुढे १८८४ मध्ये लबक त्याचा जावई झाला.) तसेच गतकालाच्या अवशेषांत खासगी मालकाखेरीज समाजाचाही हितसंबंध असतो, हे तत्त्व संसदेने प्रथमच मान्य केले. १९०० मध्ये लबकला उमरावपद मिळाले. त्याने किताब म्हणून एव्हबरी हेच नाव निवडले, त्यात त्याचा अभिमान दिसतो. मालकाविरुद्धही संरक्षणाचा आदेश काढण्याची तरतूद १९१३ च्या कायद्यात आली. तो संमत झाला त्याच्या काही महिने आधी लबकचे निधन झालेले होते. अशा रीतीने एका मध्यम आकाराच्या सुधारणेला चाळीस वर्षे लागली. लबकजवळ वक्तृत्व नव्हते आणि पक्षात त्याचा मोठा गटही नव्हता. एकच विषय धरून ठेवण्याची चिकाटी मात्र होती.

हिंदुस्थानात याच स्वरूपाचा कायदा लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत १९०४ मध्ये झाला. पण तो लोकप्रतिनिधींच्या वादविवादातून आलेला नव्हता, परकीय शासनाने वरून दिलेला होता. निवडून येण्याजोगी पदेच येथे फार उशिरा निर्माण झाल्यामुळे पुराविद्येच्या भारतीय अभ्यासकांचे सार्वजनिक जीवन वेगळ्या वाटेने गेले. डॉ. भाऊ दाजी लाड (मृ. १८७४) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. गोमंतकातील मांद्रे येथे जन्मलेल्या या धन्वंतरींनी अजिंठ्याचे कोरीव लेख वाचले, नाणी व ताम्रपट जमविले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशन या राजकीय संस्थेच्या आद्य धुरीणांत ते होते आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे नगरपाल (शेरीफ) झाले. हे पद मानाचे होते, अधिकाराचे नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात उत्खननाचे कार्य मुख्यतः भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची पुरातत्त्व खाती व विद्यापीठे यांच्याकडे राहिले. शासकीय सेवकांस राजकीय पक्षाचे सदस्यत्व व निवडणूक लढविणे सेवानियमांनी वर्ज्य असल्याने भारतात पुरातत्त्वज्ञ लोकप्रतिनिधी क्वचितच आढळतो. याचा अर्थ राजकारणाने त्याला बाजूस ठेवले असा मात्र नव्हे. २००३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अयोध्येत झालेले उत्खनन व त्याच्या अहवालावरील वाद सर्वश्रुत आहेत.

जर्मनीत रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) या जगप्रसिद्ध विकृतिवैज्ञानिकाने प्रागितिहास व राजकारण ही दोन्ही क्षेत्रे सारख्याच तडफेने सांभाळली. बर्लिनमधील मानवशास्त्र, मानवजातिविज्ञान व प्रागितिहास यांची संस्था १८६९ मध्ये स्थापण्यात त्याचा पुढाकार होता. १८७९ मध्ये तो ट्रॉय येथे हाइन्रिख श्लीमानच्या उत्खननात सहभागी झाला आणि श्लीमानने ट्रॉयचा संग्रह १८८१ मध्ये जर्मन जनतेला अर्पण केला, तो मुख्यत्वे फिरखोच्या शिष्टाईमुळे. राजकारणात तो १८६१ मध्ये स्थापन झालेल्या प्रागतिक पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होता. १८५९ पासून बर्लिनच्या नगरसभेत, १८६२ पासून प्रशियाच्या विधिमंडळात आणि १८८० ते १८९३ पर्यंत राइश्टागमध्ये तो सदस्य होता. लष्करी खर्चावरून बिस्मार्कशी त्याचे वारंवार खटके उडत. १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, ते त्याने नाकारले. (शस्त्र म्हणून त्याने जंतुदूषित मांसाची गुंडाळी सुचविली, ही आख्यायिका मनोरंजक असली, तरी तीस आधार नाही.) शुद्ध जर्मन वंशाची कल्पना बळावत असताना त्याने सु. ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांच्या, डोळ्यांच्या व त्वचेच्या रंगाची पाहणी करविली. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गौरवर्णी, नीलनेत्री व सोनेरी केसांची मुले अल्पसंख्य ठरली आणि ज्यू मुलांपैकी सु. ११ टक्के मुले नेमकी याच वर्णाची निघाली. ज्यू मुलांची वेगळी गणती करणेच मुळात आक्षेपार्ह होते, असे आज वाटते. तथापि वंशशुद्धीच्या कल्पनेला आकड्यांनी उत्तर देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. फिरखोचे निर्णय नेहमीच अचूक असत असे नाही. नीअँडरथल येथील कवटी रोगग्रस्त आधुनिक मानवाची आहे, हे त्याचे मत चुकीचे ठरले. बर्लिनच्या भुयारी गटारांसाठी त्याने नगरसभेत केलेले काम मात्र शहराच्या आरोग्यास कायमचे उपकारक झाले.

ब्रिटन व जर्मनी येथे पुरातत्त्वज्ञाने राजकारणात पराभव पत्करला, तरी त्याचे शास्त्रीय कार्य सहसा धोक्यात येत नसे. जेथे सत्तांतर बळाने होते, तेथे स्थिती वेगळी असते. पेरूचा हूल्यो सेसार तेल्यो (१८८०–१९४७) हा अँडीज पर्वतातील वारोचिरी येथील केचुआ भाषक कुटुंबात जन्मला. वैद्यक शिकून व नंतर हार्व्हर्डमध्ये मानवशास्त्राचे शिक्षण घेऊन तो मायदेशी परतला आणि १९१७ मध्ये वारोचिरीचाच प्रतिनिधी म्हणून संसदेत गेला. पेरूची प्राचीन संस्कृती बाहेरून आलेली नसून अँडीजमध्येच उगम पावली, या त्याच्या सिद्धांताला चाव्हिन येथील संशोधनाचा आधार होता. तिला तुच्छ लेखणाऱ्या लिमाच्या उच्चभ्रू वर्गाला ते एक प्रकारे राजकीय उत्तरही होते. अध्यक्ष लेगिया याच्या राजवटीत तेल्योला शासनाचा पाठिंबा लाभला. १९२७ मध्ये पाराकास येथील दफनभूमीतून त्याने ४२९ ममी-गाठोडी बाहेर काढली. त्यांवर गुंडाळलेली भरतकामाची वस्त्रे जगातील प्राचीन विणकामाचा उत्कृष्ट नमुना मानली जातात. १९३० मध्ये लेगिया पदच्युत झाला व त्याचा माणूस म्हणून तेल्योचे संग्रहालयाचे संचालकपद गेले. याची किंमत पाराकासला मोजावी लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत ती दफनभूमी लुटली गेली व तेथील वस्त्रे चोरट्या मार्गाने परदेशी पोहोचली. त्यांपैकी स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे गेलेला संग्रह पेरूला परत मिळण्याचा प्रारंभ होण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

राजकारणाकडून पुरातत्त्वविद्येकडे असा उलटा प्रवासही झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील व्ही. गॉर्डन चाइल्ड हा १९१९ पासून न्यू साउथ वेल्सच्या मजूर पक्षीय नेत्याचा सचिव होता. १९२२ मध्ये पक्षाची सत्ता जाताच लंडनमधील त्याची नोकरीही गेली. मजूर पक्ष सत्तेवर आल्यावर कसा बदलतो, यावर एक कडवट पुस्तक लिहून त्याने राजकारणाचा निरोप घेतला आणि १९२५ मध्ये यूरोपीय संस्कृतीच्या उदयावरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्सच्या झाक सूस्तेल (१९१२–९०) याची कथा अधिक शोचनीय आहे. मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृतींचा हा साक्षेपी अभ्यासक १९५५ मध्ये अल्जीरियाचा गव्हर्नर-जनरल झाला. प्रारंभी त्याचे धोरण सुधारणावादी होते. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील फिलिपव्हिल येथील हत्याकांडानंतर तो फ्रेंच अल्जीरियाचा कट्टर पुरस्कर्ता बनला. द गॉलशी बिनसल्यावर त्याला १९६८ पर्यंत परदेशी अज्ञातवासात राहावे लागले. जित लोकांची संस्कृती आत्मीयतेने समजून घेणाऱ्या संशोधकाला डोळ्यांपुढील जित समाजाची आकांक्षा कळू नये, हे कोडे त्याच्या चरित्रकारांपुढेही आहे.

पुरातत्त्वज्ञाची कीर्ती हेच भांडवल करून पक्ष उभारण्याचा सर्वांत मोठा प्रयोग इझ्राएलमध्ये झाला. यिगाएल यादीन (१९१७–८४) हा जेरूसलेमचा पुरातत्त्वज्ञ एलिएझर सुकेनिक याचा मुलगा. मृत समुद्रालगत सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांपैकी पहिल्या तीन १९४७ मध्ये सुकेनिकने मिळविल्या होत्या. उरलेल्या चार महत्त्वाच्या गुंडाळ्या १९५४ मध्ये अमेरिकेतील एका वृत्तपत्रीय जाहिरातीवरून मुलाने अडीच लाख डॉलरना मध्यस्थामार्फत विकत घेतल्या. १९४८ च्या युद्धात यादीन सैन्याच्या कारवाई विभागाचा प्रमुख होता व १९४९ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सरसेनापती झाला. लष्करी खर्चातील कपातीवरून बेन-गुरिअनशी मतभेद होऊन १९५२ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि तो संशोधनाकडे वळला. हाझोर, बार कोखबाची पत्रे सापडलेल्या गुहा आणि १९६३–६५ मध्ये मसादा येथे त्याने केलेली उत्खनने लष्करी मोहिमांसारखी आखलेली होती. मसादासाठी अनेक देशांतून स्वयंसेवक आले. रोमनांना शरण जाण्याऐवजी तेथील ज्यूंनी सामुदायिक मरण पत्करले, ही जोसीफसने सांगितलेली कथा यादीनने उत्खननाच्या आधारे घरोघर पोहोचविली. तेथे मिळालेल्या मानवी अस्थींवर १९६९ मध्ये लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. त्या अस्थी बंडखोरांच्याच होत्या का, याविषयी पुढे गंभीर शंका घेण्यात आल्या आणि यादीनने राष्ट्रीय भावनेला पुराव्यापेक्षा अधिक वाव दिला, असाही आक्षेप आला. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

१९७३ च्या युद्धातील गाफीलपणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगावर यादीन होता. स्थापनेपासून सत्तेवर असलेल्या मजूर पक्षावरील लोकांचा विश्वास त्यानंतर उडाला. नोव्हेंबर १९७६ मध्ये यादीनने लोकशाही परिवर्तनाचा पक्ष (डॅश) स्थापन केला. सर्व देश हा एकच मतदारसंघ मानणारी निवडणूकपद्धती बदलून प्रादेशिक मतदारसंघ आणावेत, ही त्याची प्रमुख मागणी. प्राध्यापक, निवृत्त सेनाधिकारी, उद्योजक असे नाना मतांचे लोक त्यात सामील झाले. त्यांना एकत्र आणणारा धागा यादीनचे नाव हाच होता. मे १९७७ च्या निवडणुकीत नवजात पक्षाने १२० पैकी १५ जागा जिंकल्या. हे यश असाधारण होते. पण यशाच्याच आकड्यांत अपयशाचे बीज होते. मजूर पक्षाची मते डॅशकडे वळल्याने लिकुड हा ४३ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि मेनाखेम बेगिनने धार्मिक पक्षांच्या साहाय्याने डॅशवाचूनच बहुमत जुळविले. ज्याची गरज नाही त्याच्या अटी कोण मान्य करणार? ऑक्टोबरमध्ये डॅश शासनात सामील झाला, यादीन उपपंतप्रधान झाला. निवडणूक-सुधारणा मात्र झाली नाही. १९७८ मध्ये पक्ष फुटला आणि १९८१ च्या निवडणुकीपूर्वी विसर्जित झाला. जीर्ण नागरी वस्त्यांच्या पुनरुज्जीवनाची योजना यादीनने या काळात मन लावून राबविली, हे त्याच्या टीकाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही. उत्खननात प्रमुखाचा शब्द अखेरचा असतो. आघाडीच्या शासनात तो नसतो. सेना आणि उत्खनन या दोन्ही शाळांतून आलेल्या यादीनला घासाघिशीची सवय कधी जडलीच नाही. १९८१ मध्ये तो विद्यापीठात परतला व तीनच वर्षांनी निवर्तला.

राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला पुरातत्त्वज्ञ म्हणून मालीच्या आल्फा ऊमार कोनारे (जन्म १९४६) याचा उल्लेख करावा लागेल. वॉर्सा येथे पुरातत्त्वविद्येतील डॉक्टरेट घेऊन तो परतला तेव्हा मालीत लष्करी राजवट होती. तिच्या मंत्रिमंडळात १९७८–८० मध्ये तो संस्कृतिमंत्री होता. नंतर राजीनामा देऊन त्याने वृत्तपत्र व प्रकाशनसंस्था यांद्वारे लोकमत घडविले. १९९१ मध्ये हुकूमशहा पदच्युत झाल्यावर १९९२ च्या बहुपक्षीय निवडणुकीत तो राष्ट्राध्यक्ष झाला. नायजर नदीच्या खोऱ्यातील मृण्मूर्ती यूरोप-अमेरिकेतील संग्राहकांसाठी सर्रास उकरल्या जात होत्या. उत्खनक स्वतःच राज्यकर्ता झाल्याने या लुटीला प्रथमच गंभीर विरोध झाला. १९९३ मध्ये अमेरिकेने मालीच्या या पुरावस्तूंच्या आयातीस बंदी घातली. एखाद्या आफ्रिकी देशासाठी असे पाऊल तिने पूर्वी उचलले नव्हते. त्याच वर्षी जेने, तिंबक्तू व बांद्यागारा येथे शासनाने सांस्कृतिक केंद्रे स्थापिली. स्थानिकांना आपल्या गावातील अवशेषांचे रक्षक बनविणे, हा त्यांमागील हेतू होता. मार्च १९९६ मध्ये तुआरेग बंडखोरांनी खाली ठेवलेली सु. तीन हजार शस्त्रे तिंबक्तू येथे जाहीरपणे जाळण्यात आली. कोनारेची कारकीर्द निष्कलंक नव्हती. १९९७ ची निवडणूक विरोधकांनी बहिष्कृत केली व ती वादग्रस्त ठरली. तथापि संविधानाने दिलेल्या दोन मुदती संपताच २००२ मध्ये त्याने पद सोडले. तेथील पूर्वीच्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने असे केले नव्हते. २०१२ मध्ये मालीत पुन्हा लष्करी उठाव झाला आणि त्याच वर्षी तिंबक्तूतील संतांच्या मातीच्या कबरी धर्मांध सशस्त्र गटांनी पाडल्या. युनेस्कोच्या साहाय्याने २०१५ पर्यंत त्या पुन्हा उभारण्यात आल्या, त्या तेथील गवंड्यांच्याच हातांनी.